नळी एकाची, माहिती साऱ्या कुळाची

नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर श्राद्धकर्मासाठी आलेल्या माणसाला तीर्थोपाध्ये आधी दोन गोष्टी विचारतात : आडनाव काय आणि मूळ गाव कोणते. तेवढ्यावर त्या घराण्याची वही निघते. जुनी पाने असतील तर मजकूर मोडीत असतो. आजोबा कधी आले होते, बरोबर कोण होते, त्यांना भाऊ किती, मुले किती, हे सारे बहुधा आजोबांच्याच सहीनिशी सापडते. नाशिककर या नोंदींना नामावळी म्हणतात. श्राद्धात बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात. ती विसरलेल्यांना ही वही उपयोगी पडते. या व्यवहारातली एक बाब मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. यात्रेला एक जण येतो आणि नोंद साऱ्या कुळाची होते. गावी राहिलेल्या भावाला, सासरी गेलेल्या बहिणीला कोणी विचारलेले नसते. तरीही हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार चालला, कारण त्याला तीन मर्यादा होत्या. सांगणाऱ्याला जेवढे ठाऊक असे तेवढेच लिहिले जाई, वही एका ओळखीच्या घराण्यात राही आणि ती उघडण्याचे कारण ठरलेले असे.

घरबसल्या डीएनए चाचणी करून देणाऱ्या कंपन्यांनी या तिन्ही मर्यादा काढून टाकल्या आहेत. ऑनलाइन मागवलेला डबा घरी येतो, त्यातल्या नळीत थोडी लाळ भरायची, झाकण लावायचे आणि नळी परत धाडायची. काही आठवड्यांनी मोबाइलवर अहवाल येतो. मधुमेहाचा धोका किती, दूध पचते का, पूर्वज कुठल्या भागातले, असे बरेच काही त्यात असते. अमेरिकेत ही चाचणी कोट्यवधी लोकांनी केली आहे. हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई इथल्या कंपन्यांमुळे आता ती आपल्याकडेही सहज मिळते. नळी भरणारा समजतो की आपण आपली माहिती देत आहोत. इथेच गफलत होते. डीएनएमधली माहिती कधीच एकट्याची नसते, म्हणून एकट्याच्या संमतीवर तिचा सौदा होणे योग्य नाही. आपला कायदा मात्र अजून त्या एकट्याच्या संमतीवरच उभा आहे.

प्रयोगशाळेत नेमके काय होते ते आधी पाहू. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. त्यांतली बहुतेक सर्व माणसांत सारखीच असतात. घरगुती चाचणी सगळी अक्षरे वाचत नाही. माणसामाणसांत जिथे फरक आढळतो अशा काही लाख ठरावीक जागा ती तपासते. त्या जागांवरची अक्षरे एका फाइलमध्ये साठवली जातात आणि त्या फाइलवरून अहवाल तयार होतो. आता नात्यांचा हिशेब बघा. आईवडिलांशी आपला निम्मा डीएनए जुळतो, सख्ख्या भावंडांशी सरासरी निम्मा आणि चुलत, मामे, आते, मावस भावंडांशी सरासरी साडेबारा टक्के. म्हणजे एका भावाची फाइल कंपनीकडे गेली की नळी न भरलेल्या बहिणीचा जवळपास निम्मा तपशीलही तिच्याबरोबर गेला. बहिणीने नकार दिला असता का, हा प्रश्न कुठल्याही अर्जात विचारलेला नसतो.

एवढ्याशा धाग्यावरून माणूस खरोखर सापडतो का? अमेरिकेत २०१८ मध्ये सापडला. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८०च्या दशकांत अनेक खून व बलात्कार करून निसटलेल्या जोसेफ डीअँजेलोला त्या वर्षी एप्रिलमध्ये अटक झाली. त्याने स्वतः कधीच चाचणी केलेली नव्हती. गुन्ह्याच्या जागी मिळालेला डीएनए पोलिसांनी जीईडीमॅच या खुल्या वंशावळ संकेतस्थळावर टाकला, त्याचे दूरचे नातेवाईक हाती लागले आणि त्यांच्या वंशवृक्षाच्या फांद्या धरत तपास त्याच्यापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी यानिव एर्लिख आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात गणित मांडले. युरोपीय वंशाच्या अमेरिकी माणसाचा शोध तेव्हाच्या साठ्यात घेतला, तर सुमारे साठ टक्के वेळा तिसऱ्या फळीचे चुलत भावंड किंवा त्याहून जवळचे नाते सापडत होते. आणि एखाद्या समाजातल्या फक्त दोन टक्के लोकांचा डीएनए साठ्यात असला, तरी त्या समाजातल्या जवळजवळ प्रत्येकाचा असा नातेवाईक मिळू शकतो. दोन जणांनी नळी भरली की अठ्ठ्याण्णव जणांच्या ओळखीचे दार किलकिले होते, असा याचा अर्थ. डीअँजेलो पकडला गेला याचे दुःख कोणालाच नाही. पण ज्या वाटेने पोलीस पोहोचले, त्याच वाटेने दुसरेही कोणी पोहोचू शकते.

दुसरे कोणी म्हणजे कोण, हे २०२३ मध्ये कळले. ‘ट्वेंटी थ्री अँड मी’ ही कॅलिफोर्नियात २००६ साली सुरू झालेली या क्षेत्रातली सर्वांत नावाजलेली कंपनी. इतर संकेतस्थळांवरून चोरलेले जुने पासवर्ड वापरून हल्लेखोरांनी तिच्या सुमारे चौदा हजार ग्राहकांची खाती उघडली. चौदा हजार हा आकडा एवढ्या मोठ्या कंपनीत किरकोळ वाटेल. पण ‘नातेवाईक शोधा’ या सोयीमुळे प्रत्येक खात्यातून शेकडो नातलग दिसत होते. त्यामुळे चौदा हजार खात्यांतून तब्बल ६९ लाख लोकांचे तपशील बाहेर गेले. या ६९ लाखांपैकी बहुतेकांचा पासवर्ड भक्कम असता तरी काही फरक पडला नसता, कारण दार नातेवाइकाच्या खात्याचे उघडे होते. पुढचे तर अधिक गंभीर आहे. चोरट्यांनी हा माल बाजारात मांडला तो वंशाप्रमाणे याद्या करून. एक यादी अश्केनाझी ज्यूंची होती, दुसरी चिनी वंशाच्या लोकांची. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने या प्रकरणी जून २०२५ मध्ये कंपनीला २३ लाख १० हजार पौंडांचा दंड केला. त्याआधीच, मार्च २०२५ मध्ये, कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती. दीड कोटींहून अधिक ग्राहकांची माहिती आता कोणाच्या हाती जाणार, असा प्रश्न उभा राहिला आणि आपली माहिती पुसून टाका, असे कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांना नागरिकांना जाहीरपणे सांगावे लागले. अखेर कंपनीच्या सहसंस्थापक अ‍ॅन वोजिकी यांच्याच ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलरना ती विकत घेतली. ग्राहकांचे नशीब म्हणून खरेदीदार ओळखीचा निघाला. बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेत लोकांच्या लाळेतून वाचलेली माहितीही धरली जाते, हे मात्र त्या दिवाळखोरीने सिद्ध केले. वही सांभाळणारे घराणे लिलावात निघत नाही, कंपनी निघते.

वंशाप्रमाणे केलेली यादी ही बाब आपल्याला परक्यांपेक्षा जास्त जाचणारी आहे. आपल्याकडे लग्ने शतकानुशतके जातीत आणि पोटजातीत होत आली. भारतातल्या वेगवेगळ्या गटांमधली सरमिसळ सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी थांबत गेली, असा निष्कर्ष हैदराबादची सीसीएमबी ही संशोधनसंस्था आणि हार्वर्ड विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये काढला. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ गट तपासले गेले. त्यांतले ८१ गट असे निघाले की त्यांच्यावरचा मूठभर पूर्वजांचा ठसा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक होता. वैद्यकशास्त्रासाठी ही माहिती मोलाची आहे, कारण अशा गटांतले दुर्मीळ आनुवंशिक आजार तिच्यामुळे आधीच ओळखता येतात. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की इथे डीएनएवरून माणसाचा समाज ओळखणे अवघड राहत नाही. त्यात आपली उरलेली माहिती आपण आधीच छापून ठेवली आहे. वधू-वर परिचय मेळाव्याची कुठलीही पुस्तिका उघडा. नाव, जन्मतारीख, उंची, रक्तगट, शिक्षण, मूळ गाव, वडिलांचा व्यवसाय, मामांचे आडनाव आणि त्यांचे गाव, सगळे एका चौकटीत असते. कुठल्या तरी साठ्यात एक चुलतभाऊ सापडला की बाकीचे कूळ अशा पुस्तिकांतून आणि समाजमाध्यमांतून जुळवायला कितीसा वेळ लागणार? उलट बाजूही आहे. पिढ्यान् पिढ्या आपसात लग्ने झालेल्या समाजात दूरचे नाते जवळचे भासते, त्यामुळे भलत्याच माणसाकडे बोट दाखवले जाण्याचा धोकाही इथे अधिक.

‘पण कळले तर कळले, बिघडते काय?’ असे विचारणाऱ्यांनी सिकलसेलचा इतिहास पाहावा. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, कळवण अशा आदिवासी तालुक्यांना या आजाराची ओळख सांगावी लागत नाही. एका जनुकातल्या बदलामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात. ज्याच्याकडे बदललेल्या जनुकाची एकच प्रत असते तो वाहक. तो सहसा निरोगीच जगतो. वाहकाचे लग्न वाहकाशी झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून तपासणी हवीच. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्ड देण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते या कारणासाठी. पण ते कार्ड दाखवायचे कोणाला? डॉक्टरला आणि होणाऱ्या जोडीदाराला, हे ठीक. नोकरी देणाऱ्याला, विमा एजंटला, गावाला नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांची सिकलसेल तपासणी घाईने सुरू झाली, काही राज्यांनी ती सक्तीचीही केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना समजावण्याआधीच निकाल बाहेर पडू लागले. धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले आणि अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद राहिले. चाचणी चांगल्या हेतूने झाली होती. निकालाभोवती कुंपण नव्हते म्हणून तिने माणसांचे नुकसान केले.

आपल्याकडेही अशी उदाहरणे कोर्टापर्यंत गेली आहेत. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार असलेल्या एका विमाधारकाचा दावा ‘हा आनुवंशिक आजार आहे’ एवढ्या कारणावर विमा कंपनीने फेटाळला. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये असे सरसकट वगळणे भेदभावाचे ठरवले. पाठोपाठ विमा नियामकाने कंपन्यांना तशी कलमे घालू नका असे बजावले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. नियामकाची सूचना स्वागतार्ह आहे, पण ती आरोग्य विम्यापुरती आहे आणि सूचना बदलता येते. जनुकांच्या आधारे नोकरीत, विम्यात किंवा शिक्षणात भेदभाव करू नये असा संसदेचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. अमेरिकेने असा कायदा २००८ मध्ये केला, तरी त्यातून जीवन विमा सुटला. कॅनडाने २०१७ मध्ये अधिक व्यापक कायदा केला.

मग आपल्या हाती काय आहे? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने दिला. त्यानंतर न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये तयार केलेल्या मसुद्यात जनुकीय माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा होता. २०२३ मध्ये प्रत्यक्ष संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र तो वर्गच उरला नाही. तुमचा मोबाइल क्रमांक आणि तुमचा डीएनए कायद्याच्या लेखी एकाच रांगेत आले. कायद्यात चांगलेही आहे. संमती स्पष्ट आणि मोकळेपणाने घेतलेली हवी, ती मागे घेता येते, माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे आणि सुरक्षेत कुचराई झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंड जमा होतो सरकारी तिजोरीत. नुकसान झालेल्या माणसाला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. नियम अधिसूचित झाले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू व्हायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. सगळ्यांत मोठी उणीव अशी की ज्याने नळी भरली त्यालाच कायदा ओळखतो. त्याच्या बहिणीला, मुलांना, अजून न जन्मलेल्या नातवंडांना या व्यवहारात जागा नाही. गुन्हे तपासातल्या डीएनएसाठी २०१९ मध्ये लोकसभेत आणलेले विधेयकही जुलै २०२३ मध्ये मागे घेतले गेले.

व्यवहारात नसलेल्या माणसाचाही हक्क असतो, हे आपल्या न्यायालयांना ठाऊक नाही असे नाही. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या एका घटस्फोटाच्या खटल्यात पतीने पत्नीवरचा आरोप सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी मागितली होती. खालच्या न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तो आदेश रद्द केला. आईबापांच्या भांडणात मूल पक्षकार नाही, त्याची जनुकीय माहिती त्याच्या व्यक्तित्वाचा भाग आहे, ती मोठ्यांच्या वादात हत्यार म्हणून वापरता येणार नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे. जन्मदात्यांनाही जो अधिकार न्यायालय सहजासहजी देत नाही, तो बाजारातली कंपनी एका चौकोनावरच्या टिकमार्कने मिळवते. ही विसंगती कायद्याने दूर करायला हवी.

यावर आक्षेप येतील. पहिला नेहमीचा : आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही. पण आज निरुपद्रवी असलेली नोंद उद्या कशासाठी वापरली जाईल, हे नोंद करणाऱ्याला कधीच माहीत नसते. २०२३ पासून महाराष्ट्रात न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना जुनी महसुली दप्तरे, शाळांची रजिस्टरे, मोडी कागद उघडले गेले. शंभर वर्षांपूर्वीच्या ज्या कारकुनाने ते लिहिले, त्याच्या स्वप्नातही हा उपयोग नव्हता. इथे तो कुटुंबांच्या कामी आला; दुसऱ्या राजवटीत, दुसऱ्या हेतूने तो कुटुंबांच्या विरोधातही जाऊ शकतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे : या चाचण्यांनी जीव वाचतात, तुम्ही लोकांना घाबरवता. डॉक्टरने सांगितलेली, समुपदेशकाने समजावलेली जनुकीय चाचणी खरोखर जीव वाचवते आणि ती कोणी टाळू नये. घरगुती डब्याची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ट्वेंटी थ्री अँड मीला स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकांतले तीनच बदल सांगण्याची परवानगी दिली, आणि तेही प्रामुख्याने अश्केनाझी ज्यूंमध्ये आढळणारे. या जनुकांतले घातक बदल हजाराहून अधिक माहीत आहेत. नाशिकच्या एखाद्या ताईला अशा अहवालात ‘काही आढळले नाही’ असे दिसले आणि तिने तपासणी टाळली, तर अहवालाने तिचे नुकसानच केले.

तिसरा आक्षेप संशोधनाचा. लोकांनी माहिती दिली नाही तर भारतीयांसाठी औषधे कशी शोधणार? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही आपल्याच देशात तयार होते आहे. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने ८३ लोकसमूहांतल्या सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली झाली. ती नावानिशी बाजारात नाही, मागणाऱ्याला अर्ज करून हेतू सांगावा लागतो. अशी शिस्त ठेवूनही विज्ञान पुढे जाते. सार्वजनिक संस्थेवरही लक्ष ठेवावे लागेलच, पण तिला संसदेत जाब विचारता येतो; परदेशात नोंदलेल्या आणि उद्या विकल्या जाणाऱ्या कंपनीला विचारता येत नाही.

करायचे काय, हेही स्पष्ट आहे. एचआयव्हीबाबत आपण २०१७ मध्ये कायदा केला आणि संसर्गाची माहिती उघड करण्यावर, त्या आधारे नोकरीत व विम्यात भेदभाव करण्यावर बंदी घातली. तसाच कायदा जनुकीय माहितीसाठी हवा. कंपनी विकली गेली तर प्रत्येक ग्राहकाची नव्याने संमती घ्यावी, नमुना किती दिवसांत नष्ट केला ते लेखी कळवावे आणि हानी झालेल्या नातेवाइकालाही दाद मागता यावी, एवढ्या तीन गोष्टी त्यात असाव्यात. तोवर काळजी आपणच घ्यायची आहे. गरज आजाराची असेल तर डबा मागवण्याऐवजी डॉक्टरकडे जा. अल्पवयीन मुलांची लाळ कुतूहलापोटी देऊ नका. मोठे झाल्यावर तो निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या. चाचणी केलीच असेल तर नातेवाईक शोधण्याची सोय बंद करा, त्या खात्याला इतर कुठलाही न वापरलेला पासवर्ड ठेवा, कच्ची फाइल दुसऱ्या संकेतस्थळावर चढवू नका, अहवाल उतरवून घेतल्यावर खाते पुसून नमुना नष्ट करायला लेखी सांगा. आणि केली नसेल तर आधी भावंडांशी आणि सज्ञान मुलांशी बोला. त्यांतला एकही जण नको म्हणाला, तर डबा मागवू नका. ही माहिती जितकी तुमची आहे तितकीच त्यांची आहे.